आईने लावलेले दिवे

महिन्यात तिसऱ्यांदा गाडीने दगा दिला तेव्हा सकाळचे पावणेसात वाजले होते. आईने किल्ली फिरवली, आतून टक् टक् असा कोरडा आवाज आला, समोरच्या काट्यांमागचे दिवे एकदा मिणमिणले आणि डोळे मिटून बसले. आईने पुन्हा किल्ली फिरवली नाही. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून ती नुसती बसून राहिली. आणि तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीतून, तोंडात ब्रश असूनही सगळ्या इमारतीला शब्द न् शब्द कळावा अशा बेताने, बाबांचा आवाज खाली उतरला.

"लावलेस ना पुन्हा दिवे!"

आता दिवे लावणं म्हणजे काय, हे मराठी घरात जन्मलेल्या पोराला शिकवावं लागत नाही. गणितात नापास झालं की दिवे लावले, दूध उतू गेलं की दिवे लावले. पण या घरात महिनाभर त्या शब्दाला दोन्हीकडून धार आली होती. पहिल्यांदा बॅटरी उतरली तेव्हा बाबांनी खाली न उतरताच निकाल दिला होता, "गाडीतला दिवा चालू राहिला असणार. हिचंच काम." दिवा चालू असलेला कुणी पाहिला होता? कुणीच नाही. पण बाबांना पाहण्याची गरज पडत नसे. विमा कंपनीत ते दावे तपासायचे. दोन गाड्या एकमेकींवर आपटल्या की चूक कुणाची, हे टेबलापाशी बसून, फोटो बघून सांगायचं, हाच त्यांचा वीस वर्षांचा धंदा. चूक कुणाची तरी असतेच, आणि ती लवकर ठरवलेली बरी, असं त्यांचं मत होतं.

कोपऱ्यावरचे बॅटरीवाले काका पेटी घेऊन आले होते. "काय झालं साहेब?" असं त्यांनी विचारलं आणि साहेब म्हणाले, "काही नाही हो, आमच्या हिने दिवे लावले." दोघे पोटभर हसले. काकांनी बॅटरी नेली, चार्ज करून आणून बसवली. दहा दिवसांनी ती परत उतरली. पुन्हा तेच वाक्य, पुन्हा तेच हसू. काकांनी या वेळी नवी कोरी बॅटरी टाकली. आणि आज बुधवारी नवी कोरी बॅटरीसुद्धा आडवी झाली होती.

त्या दिवशी बाबांनी किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. "तुझ्या हातात यंत्र टिकत नाही. बसने जात जा. निदान बसचे दिवे ड्रायव्हर बंद करतो."

हे सगळं बाल्कनीच्या दारामागे उभी राहून खारू ऐकत होती. खारू म्हणजे या घरातली एकुलती एक मुलगी, दहावीतली. चालण्याऐवजी धावते आणि बोलण्याऐवजी किचकिच करते म्हणून आईने हे नाव ठेवलं होतं. मधली दोन वर्षं मात्र खारूची किचकिच बंद पडली होती. वर्गात उत्तर येत असूनही हात वर जायचा नाही. मग दोन महिन्यांपूर्वी विजेच्या धड्यात सरांनी फळ्यावर मंडल काढायला बोलावलं. तिने खडू घेतला आणि काढलं; आणि सर म्हणाले, "इथे चूक माझ्या हातून झाली असती, हिच्या नाही झाली." झालं! तेव्हापासून घरातला एकही स्विच सुखाने नांदत नव्हता. इस्त्री उघडून बघितली, घंटा उघडून बघितली, आणि बाबा तिला "प्राध्यापकीणबाई" म्हणू लागले.

बसच्या विनोदावर मात्र खारूला हसू येत नव्हतं, कारण आईचं घोडं नेमकं तिथेच अडलं होतं. आई इस्पितळात लोकांच्या रक्ताचे नमुने घ्यायची. पंधरा वर्षं एकाच खोलीत, एकाच खुर्चीशेजारी. तिथल्या मोठ्या बाई आता निवृत्त होणार होत्या आणि त्यांनी आईला विचारलं होतं, "ही खोली तू सांभाळशील का?" खोली सांभाळायची म्हणजे पहाटे साडेपाचला दार उघडायचं. पहिली बस साडेसहाची. म्हणजे गाडी असेल तर खोली, नाहीतर नाही. उत्तर सोमवारपर्यंत द्यायचं होतं. आईने ही बातमी घरात सांगितली तेव्हा ती पोळपाटाशी उभी होती आणि तिचे कान लाल झाले होते. खारूने आईचे कान लाल झालेले त्याआधी कधी पाहिले नव्हते.

त्यामुळे शाळेच्या प्रयोगशाळेतल्या ताईंच्या मागे लागून खारूने वीज मोजायचा मीटर मिळवला. "फ्यूज उडवलास तर तुझ्या प्रॅक्टिकलचे गुण उडवीन," असं बजावूनच ताईंनी तो दिला.

शुक्रवारी काकांनी बॅटरी पुन्हा चार्ज करून बसवली. गाडी सुरू करून पाहिली, बंद केली, किल्ली बाबांच्या खिशात गेली. रविवारी सकाळी खारू बाबांच्या पेपरासमोर जाऊन उभी राहिली.

"बाबा, गाडी धुते. किल्ली द्या."

"आज सूर्य कुठून उगवला?" बाबांनी किल्ली तिच्या तळहातावर ठेवली, पण सोडली नाही. "धुवायची फक्त. सुरू करायची नाही. आणि आईवर जाऊ नकोस, दिवे लावू नकोस."

खारूने बादली नेली, ती चाकाशी ठेवली आणि तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बॉनेट उघडलं. दहा नंबरच्या पान्याने बॅटरीचं काळं टोक सोडवलं. मीटर कसा लावायचा हे तिला झोपेतही येत होतं: जी वीज मोजायची ती मीटरच्या पोटातून गेली पाहिजे, म्हणून मीटर शेजारी नाही, वाटेत उभा करायचा. मीटरची एक काडी काळ्या वायरीला, एक काडी बॅटरीच्या टोकाला.

बंद गाडी अगदीच झोपलेली नसते. घड्याळ असतं, लहानसहान गोष्टी असतात. शून्य पॉइंट शून्य दोन, तीन, एवढं दिसायला हवं होतं.

मीटरवर आलं: ०.९४.

"अगं बाई!" खारू मोठ्याने म्हणाली. जवळजवळ एक अँपिअर! बंद गाडीतून! तिने बोटांवर हिशेब केला. पंचेचाळीस अँपिअर-तासांची बॅटरी, तासाला जवळजवळ एक… दोन दिवसांत बॅटरी रिकामी. गाडी उभ्या उभ्या आपलंच रक्त पीत होती.

आता दिवा. दार उघडलं की आतला दिवा लागणार, आकडा वर चढणार, मग दार लावलं की किती उतरतो ते बघायचं. खारूने ताईंच्या भीतीने काड्या चिमट्यांनी पक्क्या केल्या आणि दार उघडलं.

आकडा जागचा हलला नाही. ०.९४.

तिने आत डोकं घालून वर पाहिलं. दिवा लागलाच नव्हता. बटण दाबलं. काही नाही. नखाने दिव्याचं झाकण उचकटलं, तर आत बल्बच नव्हता. नुसती रिकामी खोबण.

तीन मजले खारू कशी चढली ते तिचं तिलाच माहीत. आई स्वयंपाकघरात उद्याच्या कामाच्या कोटाला इस्त्री करत होती.

"आई! गाडीतला बल्ब कुठे गेला?"

आईने वर पाहिलं नाही. "सुईदोऱ्याच्या डब्यात आहे."

"तिथे कसा गेला?"

"मी काढून ठेवला. दुसऱ्यांदा बॅटरी उतरली ना, त्याच दिवशी. म्हटलं, नसेल बल्ब तर राहणार नाही चालू."

"म्हणजे…" खारूला धाप लागली होती, पण डोकं पळत होतं. "म्हणजे तिसऱ्यांदा बॅटरी उतरली तेव्हा गाडीत दिवाच नव्हता!"

"नव्हता."

"मग तू बाबांना सांगितलं का नाहीस? ते वरून एवढे ओरडत होते!"

आईने कॉलरवरून इस्त्री फिरवली. एकदा, दोनदा. "काय सांगायचं? म्हणाले असते, आता गाडीची वासलातच लावायला घेतली हिने, बल्बसुद्धा काढून ठेवते. आणि मला वाटलं, दुसरा कुठलातरी दिवा राहिला असेल माझ्या हातून. मला काय कळतं त्यातलं?"

ज्या दिव्याला आईने स्वतःच्या हाताने बल्बमुक्त केलं होतं, त्याच दिव्याची बोलणी ती खाली मान घालून खात होती. आणि वर स्वतःच्या अंगावर घ्यायला दुसरा दिवा शोधत होती.

"चल खाली," खारू म्हणाली. "इस्त्री बंद कर. आत्ताच्या आत्ता चल."

आई आली. कपाळाला आठ्या, पायात घरातल्या चपला, हातावर तो कोट तसाच. पण गाडीशी आल्यावर तिच्यातली इस्पितळातली बाई जागी झाली. खारू फ्यूजच्या पेटीतून एकेक फ्यूज उपसू लागली: रेडिओचा, काचांचा, दिव्यांचा. ज्या फ्यूजनंतर आकडा पडेल, चोर त्या वाटेवर. पण उपसलेले फ्यूज ती बॉनेटच्या कडेवर दाण्यांसारखे टाकत होती ते आईला बघवेना.

"थांब. असे टाकलेस तर परत कुठे काय जाणार?" आईने कोटाच्या खिशातली चिकटपट्टी आणि पेन काढलं. पट्टीचा तुकडा, त्यावर आकडा, तो फ्यूजच्या डोक्यावर. त्याच क्रमाने जुन्या वर्तमानपत्रावर रांग. "पंधरा वर्षांत एका माणसाचं रक्त दुसऱ्याच्या नावावर गेलेलं नाही माझ्याकडून," ती पुटपुटली. मग जरा थांबून म्हणाली, "अजून तरी."

सतरा फ्यूज झाले. आकडा ०.९२, घड्याळाचे काय ते दोन उतरले. एकोणीस. ०.९२. शेवटचा निघाला तरी आकडा ढिम्म.

खारूचा सगळा डौल गळाला. तिने बॅटरीवाल्या काकांना फोन लावला.

"काका, मी तिसऱ्या मजल्यावरची खारू. गाडीतून पॉइंट नऊ चार जातंय. सगळे फ्यूज काढले, तरी जवळजवळ तेवढंच."

पलीकडे चहाचा भुरका थांबला. "सगळे? कुणी काढले?"

"मी. आईने नंबर लावलेत."

"गाडी कधीपासून बंद आहे?"

"शुक्रवारी तुम्हीच बंद केलीत की."

"मग एक काम कर. इंजिनच्या पुढे पट्ट्यावर फिरणारा गोल डबा आहे ना, जाळीजाळीचा, तो अल्टरनेटर. हात लाव त्याला. कसा लागतोय सांग."

खारूने हात लावला आणि गोंधळली. सावलीत उभी गाडी. बाजूचा लोखंडी भाग मडक्यासारखा गार. "आई, तू बघ जरा."

आईने हाताची पालथी बाजू अल्टरनेटरला टेकवली, पेशंटच्या कपाळाला टेकवायची तशीच, आणि क्षणभर डोळे मिटले. "ताप आहे," ती म्हणाली.

काकांना ते ऐकू गेलं. ते हळू आवाजात समजावू लागले. गाडी चालू असली की अल्टरनेटर वीज बनवून बॅटरीत भरतो. त्याच्या पोटात डायोड असतात, म्हणजे एकाच बाजूला उघडणारी दारं. वीज बॅटरीकडे जाऊ द्यायची, परत येऊ द्यायची नाही. त्यातलं एक दार कुजलं की वीज उलटी गळत राहते. गाडी बंद, माणसं झोपलेली, आणि हा डबा आपला गरम. त्याची जाड वायर फ्यूजपेटीतून जात नाही, थेट बॅटरीला जाते. म्हणून फ्यूज काढून काही होणार नव्हतं.

"बॅटरीचं टोक सुटलेलंच ठेव, मीटर काढ, मग ती जाड वायर खोल, कापडात गुंडाळ, आणि पुन्हा मीटर लाव," काका म्हणाले.

खारूने तसंच केलं. चिमटा टेकला.

०.००.

"आई! आई बघ!" खारू बादलीभोवती नाचायला लागली. मग थांबली आणि फोनमध्ये म्हणाली, "काका, हे तुम्ही पहिल्याच वेळी का नाही बघितलंत?"

"अगं, साहेब म्हणाले ना, दिवा राहतो म्हणून." काकांचा आवाज ओशाळला होता. "घरचा माणूस सांगतोय म्हटल्यावर… मी बॅटरी सोडून काही बघितलंच नाही. दुपारी येतो, नवी डायोड प्लेट घालून देतो."

खारूने फोन ठेवला आणि आईच्या गळ्यात पडली. "आता उद्या सोमवार! जा आणि सांग मोठ्या बाईंना, मी सांभाळते खोली! साडेपाच काय, साडेचारला उघडते म्हणावं!"

आईने तिचे हात हळूच गळ्यातून सोडवले. वर्तमानपत्रावरचा एक नंबरचा फ्यूज उचलून तिने त्याच्या जागी बसवला. मग दोन नंबरचा.

"मी काल 'नाही' सांगून आले," ती म्हणाली.

"काय? का? मुदत उद्यापर्यंत होती ना! मी मीटर आणणार होते, तुला सांगितलं होतं मी!"

"गाडीमुळे नाही गं." तीन नंबर. "गाडीचं काय, रिक्षा केली असती, शेजाऱ्यांना विचारलं असतं. पण त्या खोलीत सकाळी वीस-वीस माणसं उपाशीपोटी बसलेली असतात. सगळी जबाबदारी एकीची. जिला गाडीतला एक दिवा लक्षात राहत नाही, तिने कुणाच्या रक्तावर कुणाचं नाव लिहायचं?" चार नंबर तिच्या बोटांत तसाच राहिला. "हा आठवडाभर मी प्रत्येक बाटलीवरचं नाव तीन-तीनदा वाचत होते. रांग खोळंबायची. मोठ्या बाई म्हणाल्या, बरं नाहीये का तुला? मी म्हटलं, हो, हल्ली विसरते मी. नकोच मला."

खारूने चार नंबर तिच्या बोटांतून घेतला आणि त्याच्या जागी बसवला.

मग तिने हट्टच धरला. तिथेच बादलीशेजारी उभं राहून आईला फोन लावायला लावला, मोठ्या बाईंना. आईने लावला. पलीकडचं खारूला ऐकू येत नव्हतं, आईचंच येत होतं. "नाही, म्हणजे सहज… हो का? कालच? … नाही नाही, चांगली आहे ती, हात हलका आहे तिचा… हो, शिकवीन की. मी नाही शिकवणार तर कोण?" आई हसली, चांगलं तोंडभर हसली, आणि फोन ठेवल्यावर ते हसू तोंडावर थोडा वेळ तसंच विसरून राहिलं.

"खोली दुसरीला दिली. दोन वर्षांपूर्वी आलेली मुलगी आहे," ती म्हणाली. "आनंदाने रडली म्हणे."

दुपारी काका चार्ज केलेली बॅटरी घेऊन आले, अल्टरनेटर खोलला, जळकी डायोड प्लेट काढून खारूच्या हातावर ठेवली. बाबाही खाली आले. त्यांनी प्लेट उलटीसुलटी करून पाहिली, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "वाटलंच मला. काहीतरी इलेक्ट्रिकल असणार हे मी म्हणतच होतो." काकांनी मान खाली घालून पाना फिरवला. समोरच्या इमारतीतले गृहस्थ जाता जाता थांबले तर बाबांनी त्यांना सगळी कथा ऐकवली: मीटर, फ्यूज, ताप. कथेत सगळीकडे 'आम्ही' होतं. आम्ही मोजलं, आम्ही शोधलं. "दहावीतली पोर आहे, पण डोकं कुणाचं आहे!" असं म्हणून त्यांनी खारूच्या पाठीवर थाप मारली. दुसरा कुठला दिवस असता तर त्या थापेवर खारू आठवडाभर तरंगली असती.

संध्याकाळी चहाच्या वेळी बाबांनी किल्ली टेबलावर आईपुढे सरकवली. "घे बाई तुझी गाडी. आता लाव किती दिवे लावायचे ते!" आणि स्वतःच्या विनोदावर स्वतःच हसले.

आईने किल्लीला हात लावला नाही.

"एक सांगाल?" ती म्हणाली. "ते माझ्या हातून झालं नव्हतं, एवढं एकदा म्हणाल?"

"अगं, झालं ना आता सगळं नीट! नवी प्लेट आहे, पाच वर्षं बघायला नको."

"गाडीचं नाही विचारलं मी."

"मला काय स्वप्न पडणार होतं का, आत डायोड जळलाय म्हणून?" बाबांचा आवाज चढला. "मी काय मेकॅनिक आहे?"

"नाही," खारू म्हणाली. आवाज फुटला तसा तिलाच दचका बसला, पण आता थांबायचं नव्हतं. "तुम्हाला कळलं नव्हतं, बाबा. पण तुम्ही तर सांगून मोकळे झालात. मला, काकांना, अख्ख्या इमारतीला. आणि आईला. आईने तर ते खरंच मानलं. काल ती खोलीला नाही म्हणून आली, ठाऊक आहे तुम्हाला?"

बाबांनी आईकडे पाहिलं. त्यांना ठाऊक नव्हतं. क्षणभर त्यांचं तोंड काहीतरी म्हणायला उघडलं, आणि खारूने श्वास रोखून धरला. म्हणतील. आता म्हणतील.

"बरंच झालं," बाबा म्हणाले. "पहाटेची दगदग कुणी सांगितली आहे या वयात!"

आणि टेबलावरची किल्ली उचलून ते उठले. "चला, एक चक्कर मारून बघू, कशी चालते. या दोघी खाली."

जिन्यावर त्यांच्या चपलांचा आवाज उतरत गेला. मग खालून इंजिनचा आवाज आला. पहिल्याच झटक्याला, गुळगुळीत, निरोगी. आईने कपातला उरलेला चहा बशीत ओतला. तिला गार चहा आवडत नसे, तरी ती तो हळूहळू प्यायली.

खाली हॉर्न वाजला. मग दोनदा वाजला.

"जायचंय का तुला?" आईने विचारलं.

"नाही," खारू म्हणाली.

"मग ते खिडकीचं दार लावून घे."